आफ्रिकेचं तिकीट काढायलाच हवं का?

‘मानवी उत्क्रांतीत एम.ए., पीएच.डी.? मग आफ्रिकाच गाठ!’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. अर्धवट आहे.

आपल्याकडे मानवी जीवाश्म फार थोडे, हे खरं. पण १९८२ साली भूशास्त्रज्ञ अरुण सोनकियांना मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोऱ्याला कवटीचा वरचा भाग मिळाला. ती नेमकी कोणत्या मानवप्रजातीची, यावर अजून वाद आहे. संशोधकाला आणखी काय हवं? शिवाय उत्क्रांती फक्त हाडांतच सापडत नाही. चेन्नईजवळच्या अत्तिरंपक्कमची दगडी हत्यारं सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची. हातकुऱ्हाड उलटसुलट करून पाहा, दोन्ही बाजूंनी कपच्या उडवल्याच्या खुणा दिसतात.

हे वाचायला शिकायचं तर पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. पुरातत्त्वात एम.ए. आणि पुढे पीएच.डी. तिथेच होते.