लास अनोदचं भांडण नुसतं कुळांचं नाही

‘सोमाली माणूस डोळे मिटून आपल्या कुळामागे जातो’ हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. साफ चूक. सोमालियाच्या उत्तरेतल्या लास अनोद शहरावर सोमालीलँड (सोमालियापासून स्वतःला स्वतंत्र म्हणवणारा भाग) हक्क सांगतं ते ब्रिटिशकालीन सीमेच्या आधारे, आणि सोमालियातलं, १९९८ साली उभं राहिलेलं स्वायत्त राज्य पुंटलँड सांगतं हार्ती या कुळसमूहाच्या भावकीच्या नात्याने. लास अनोदचं धुलबहांते कूळ हार्तीच. तरीही २००७ मध्ये सोमालीलँडने शहर घेतलं तेव्हा त्यांच्यातलेच काही त्या फौजेसोबत होते.

२०२३ मध्ये शहर सोमालीलँडविरुद्ध उठलं. तोफगोळे दवाखान्यावरही पडले, हजारो लोक पोरांना घेऊन इथिओपियात गेले. हे आठवलं की जीव तुटतो. ऑगस्टमध्ये लष्करी तळ सोडून सोमालीलँडची फौज मागे हटली. मग लोकांनी मागितलं काय? भावकीचं पुंटलँड नव्हे. राजधानी मोगादिशूच्या सोमाली संघराज्यात स्वतःचं वेगळं राज्य.