सोड्यातल्याच गॅसने बॅक्टेरिया मारायचे, हे आलं कुठून?

गोटी सोड्याची गोटी आत ढकलली की फस्सकन जो गॅस बाहेर येतो ना, त्याच कार्बन डायऑक्साइडचा दाब कितीतरी पटीने वाढवला की तो ज्यूसमधले बॅक्टेरिया मारतो, तेही ज्यूस न उकळता.

पण सुरुवात ज्यूसपासून झालीच नव्हती. १९५१ मध्ये फ्रेझर नावाच्या शास्त्रज्ञाने 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात पेपर छापला, त्याला ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या पेशी फोडायच्या होत्या, म्हणून दाबाखाली गॅस पेशीत मुरवायचा आणि दाब एकदम सोडून द्यायचा, बाटलीचं झाकण उघडतो तसं. ५०० पीएसआयच्या आसपास (नेहमीच्या हवेच्या दाबाच्या साधारण ३४ पट) कार्बन डायऑक्साइडने ९५ ते ९९ टक्के बॅक्टेरिया मेले. त्यामुळे पेशी फुटते म्हणून मरते असंच बरीच वर्षं वाटत होतं.

मग १९८७ मध्ये जपानच्या कामिहिरा आणि सहकाऱ्यांनी २०० अ‍ॅटमॉस्फिअर दाब (हवेच्या दाबाच्या २०० पट) आणि फक्त ३५ अंश तापमानात प्रयोग केले, तर ओल्या पेशी मेल्या आणि सुकवलेल्या तशाच जिवंत राहिल्या. मला तर या सगळ्या इतिहासात हाच प्रयोग सगळ्यात भारी वाटतो, कारण नुसत्या दाबाचं काम असतं तर ओलं-सुकं असा फरक पडलाच नसता, म्हणजे पाणी लागतंच. पाण्यात हा गॅस विरघळून कार्बोनिक अ‍ॅसिड होतं, पण बाहेरून दुसरं अ‍ॅसिड घालून तेवढाच पीएच, म्हणजे आंबटपणा, आणला तरी बॅक्टेरिया इतके मरत नाहीत, कारण हा गॅस पेशीच्या स्निग्ध आवरणातून सरळ आत घुसतो आणि अ‍ॅसिड आतच तयार होतं, पेशी ते बाहेर फेकून फेकून थकते, एन्झाइम बंद पडतात, आवरण सैल होऊन आतले क्षार गळायला लागतात. मायक्रोस्कोपखाली कितीतरी मेलेल्या पेशी अख्ख्याच दिसतात! तेवढ्याच दाबाचा नायट्रोजन लावून बघा, बहुतेक बॅक्टेरिया जिवंतच राहतात.

पुढे युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडात मुरात बालबान वगैरेंनी संत्र्याच्या ज्यूसवर हे वापरलं, चव ताजी राहावी म्हणून.

अडचण स्पोअर्सची, म्हणजे काही बॅक्टेरिया तग धरायला बनवतात त्या सुप्त, चिवट पेशींची. बॅसिलस जातीच्या बॅक्टेरियाचे स्पोअर्स आतून जवळपास कोरडे आणि कवच जाड, ३५ अंशांना ते दाद देत नाहीत. १९९९ मध्ये एमआयटीच्या रॉबर्ट लँगर यांच्या टीमने ते मारले, पण त्यासाठी तापमान ६० अंशांवर न्यावं लागलं. म्हणून ज्यूसच्या बाबतीत याला स्टरिलायझेशन (स्पोअर्ससकट सगळं मारणं) म्हणतात ते मला पटत नाही, ते पाश्चरायझेशनच (स्पोअर्स सोडून बाकीचे बॅक्टेरिया मारणं) आहे आणि ती बाटली फ्रिजमध्येच ठेवायला हवी.