नाकाबंदी, दारू आणि गाडीचा विमा : पुलगाव-देवळी भागातील गाडीमालकांसाठी माहितीपत्रक

पोळ्याची कर, धुळवड, ३१ डिसेंबर, लग्नसराई. हे दिवस जवळ आले की नाकाबंदी वाढते आणि "चालान किती बसते?" ही विचारपूसही वाढते. आधी त्याचेच उत्तर देतो. विमा नसलेली गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलात तर २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर दंड ४,०००. दारू पिऊन चालवताना पहिल्यांदा १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुढच्या वेळी १५,००० किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. विम्याचे चालान तडजोड रक्कम भरून मिटते. दारूचे मिटत नाही, ते कोर्टातच जाते. त्यामुळे नाक्यावर कोणी "इथेच मिटवून टाकू" म्हणाले, तर त्याला कायद्याचा आधार नाही.

पण आमच्या मते चालान हा यातला सर्वांत लहान खर्च आहे. मोठा खर्च अपघातानंतर येतो, आणि तो थेट सातबाऱ्यापर्यंत पोहोचतो. हे पत्रक मुख्यतः त्यासाठी काढले आहे.

एक हिशोब पाहा. तुमच्या दुचाकीच्या धडकेने ३२ वर्षांचा, महिन्याला १०,००० रुपये कमावणारा मजूर गेला. मागे बायको, दोन मुले आणि आई. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई अशी काढते : १०,००० मध्ये पुढील उत्पन्नवाढीचे ४० टक्के मिळवले की १४,०००. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की १०,५००. वर्षाचे १,२६,०००. या वयाला ठरलेला गुणक १६, त्याने गुणायचे. झाले २०,१६,०००. अंत्यविधी वगैरेची रक्कम आणि व्याज वेगळे. विमा चालू असेल आणि पॉलिसीच्या अटी पाळल्या असतील, तर हे पैसे कंपनी भरते. विमा नसेल तर गाडीमालक आणि चालक यांनी भरायचे. त्यांनी भरले नाहीत, तर न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. म्हणजे तलाठी आणि तहसील. कापसाचा चुकारा येऊन हे फिटत नाही.

हे टाळायला लागते किती? १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकाप्रमाणे ७५ ते १५० सीसी दुचाकीचा एका वर्षाचा तृतीय पक्ष विमा (तुमच्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर ते भरणारा) ७१४ रुपये, जीएसटी धरून सुमारे ८४३. १५० ते ३५० सीसीला १,३६६, जीएसटीसह सुमारे १,६१२. १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी कारला ३,४१६, जीएसटीसह सुमारे ४,०३१. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेतला तर त्याचे पैसे वेगळे. दर सरकार ठरवते, म्हणून भरायच्या दिवशीचा दर विचारूनच भरा.

"विमा आहे" आणि "विमा चालू आहे" यातला फरक

सर्वाधिक घोळ नव्या दुचाकीच्या पॉलिसीत होतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला ५ वर्षांचा आणि नव्या कारला ३ वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा झाला. त्याच कागदावर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. एका पानावर दोन मुदती असल्याने दोन प्रकारच्या चुका होतात. काहींना वर्ष संपताच वाटते की सगळा विमा संपला; त्यांची गाडी रस्त्यावर कायदेशीर असते, फक्त चोरी किंवा मोडतोडीचे पैसे मिळत नाहीत. दुसरी चूक महागाची. "शोरूमने पाच वर्षांचा दिला आहे" हे डोक्यात पक्के बसते आणि पाच वर्षे कधी सरली ते कळत नाही. २०२० च्या दिवाळीत घेतलेल्या गाडीचा तो विमा २०२५ च्या दिवाळीत संपला. आज घरी गेल्यावर पॉलिसी काढा आणि "तृतीय पक्ष" किंवा "दायित्व" या ओळीपुढची शेवटची तारीख वाचा. वेळही वाचा. विमा त्यावर लिहिलेल्या क्षणापासून लागू होतो. दुपारी धडक झाली आणि संध्याकाळी पॉलिसी काढली, तर त्या धडकेला ती उपयोगाची नाही.

जुनी गाडी बाँडवर विकायची आणि आरसीवर नाव तसेच ठेवायचे, ही आपल्याकडची फार धोक्याची सवय आहे. आरसीवर ज्याचे नाव, भरपाईसाठी मालक तोच धरला जातो, गाडी तीन हात फिरून आर्वीला गेली असली तरी. विकणाऱ्याने नमुना २९ आणि घेणाऱ्यासोबत नमुना ३० भरून आरटीओत नाव बदलून घ्यावे. नाव बदलल्यापासून १४ दिवसांत घेणाऱ्याने विमा कंपनीकडेही नावबदलाचा अर्ज द्यायचा असतो. दोन्ही कागद होईपर्यंत किल्ली देऊ नका, हे आम्ही विकणाऱ्याला आग्रहाने सांगतो.

पीयूसी म्हणजे प्रदूषण तपासणीचा दाखला, विमा नव्हे. दोन्ही कागद वेगळे, दोन्ही लागतात.

बनावट पॉलिसीही फिरतात. फारच स्वस्त दिली, पैसे रोख घेतले आणि व्हॉट्सअॅपवर नुसता फोटो पाठवला, असे झाले तर शंका घ्या. पडताळणी सोपी आहे : पॉलिसीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा, कंपनीच्या संकेतस्थळावर पॉलिसी क्रमांक टाका, किंवा एमपरिवहन अॅपमध्ये गाडी क्रमांक टाकून विम्याची मुदत पाहा. नुकतीच काढलेली पॉलिसी तिथे दिसायला थोडा वेळ लागू शकतो, तेवढ्यावरून घाबरू नका.

तृतीय पक्ष विम्यात कोण येत नाही

समोरचा माणूस, समोरची गाडी, रस्त्यावरचा पादचारी येतो. तुम्ही स्वतः येत नाही, त्यासाठी वैयक्तिक अपघात विमा. दुचाकीवर मागे बसलेलाही नुसत्या तृतीय पक्ष पॉलिसीत धरला जात नाही. बायकोला किंवा मुलाला रोज मागे बसवून नेत असाल तर पॅकेज पॉलिसी (तृतीय पक्षासोबत स्वतःच्या गाडीचे नुकसानही धरणारी) घ्या.

ट्रॅक्टरवाल्यांनी हे नीट वाचावे. शेतकी ट्रॅक्टरची पॉलिसी शेतीच्या कामापुरती असते, आणि त्यावर बसायला जागा एकट्या चालकाची. मडगार्डवर बसलेला गडी, ट्रॉलीतली निंदणीची बायामाणसे, ट्रॉलीतून नेलेली वरात, यांना काही झाले तर कंपनी जबाबदारी नाकारू शकते. भाड्याने मुरूम किंवा रेती ओढतानाही तेच. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा ट्रॅक्टरपेक्षा वेगळा काढावा लागतो. जिनिंगला कापूस नेताना ट्रॉलीनेच मागून धडक दिली, तर पहिला प्रश्न तिच्या कागदांचा येतो. सोयाबीनचा हंगाम सुरू होण्याआधी दोन्हींचे कागद एकत्र तपासा.

दारूमुळे चांगला विमाही कसा हातचा जातो

दारू पिऊन गाडी चालवणे ही पॉलिसीची अट मोडणे आहे. मोटार वाहन कायद्याने कंपनीला हा बचाव दिला आहे. अशा वेळी न्यायालये अनेकदा कंपनीला आधी पीडित कुटुंबाला पैसे द्यायला लावतात आणि नंतर तेच पैसे गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देतात. म्हणजे हप्ता वेळेवर भरूनही ते वीस लाख पुन्हा तुमच्याच दारात. तुमच्या गाडीचे नुकसान आणि वैयक्तिक अपघाताचे पैसेही नाकारले जातात. मालक घरी झोपला होता आणि किल्ली पुतण्याकडे होती, तरी वसुलीची नोटीस मालकाच्याच नावाने येते. काळीपिवळी किंवा पिकअप चालवायला दिली असेल तर किल्ली देताना चालकाचे तोंड आणि लायसन्स दोन्ही पाहा. त्याने प्यायली आहे हे माहीत असून गाडी दिली, तर मालकावरही गुन्हा लागू शकतो. मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेची कलमे वेगळी लागतात. निष्काळजीपणे मृत्यू घडवल्यास कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

मर्यादा आहे १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. ही किती लवकर ओलांडते ते पाहा. साधारण ६० किलो वजनाचा पुरुष, बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेली दारू. ३० मिलीचे दोन पेग : पातळी ५० च्या आसपास, म्हणजे मर्यादा पार. आठ टक्क्यांची ६५० मिली स्ट्राँग बियर : सुमारे १००. एक पव्वा, १८० मिली : सुमारे १५०. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवते. पव्वा रात्री ११ ला संपला तर ३० च्या खाली यायला सकाळचे ७ वाजतात. बियरला जवळपास पावणेपाच तास. उपाशीपोटी प्यायले तर पातळी लवकर चढते. बारीक अंगाच्या माणसात आणि स्त्रियांत ती याहून जास्त जाते. मोहाच्या किंवा हातभट्टीच्या दारूचा जोर दर वेळी वेगळा, तिचा हिशोब मांडताच येत नाही. लिंबूपाणी, काळा चहा, आंघोळ, ओकारी यांनी झोप उडेल, रक्तातली दारू उतरत नाही. पहाटे चारला उठून बाजार समितीत गाडी लावायला निघणाऱ्याने हे आकडे डोक्यात ठेवावेत, कारण नाकाबंदीत सापडणारा माणूस अनेकदा "रात्री प्यायलो, आता काही नाही" असेच म्हणत असतो, आणि ते त्याला मनापासून खरे वाटत असते.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून आहे. नदी ओलांडून धामणगावकडून किंवा कळंबकडून पिऊन परतणाऱ्यावर वाहन कायद्याशिवाय महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ चेही कलम लागू शकते. पुलाजवळ नाकाबंदी असेल तर तोंडासोबत डिक्कीही तपासली जाते. डिक्कीत बाटली निघाली तर गाडी जप्त होऊ शकते.

मशीनमध्ये फुंकायला सांगितले तर

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, खर्रा थुंकून पाण्याने चूळ भरा. खोकल्याचे औषध, तोंडाचा स्प्रे, होमिओपॅथीचे थेंब नुकतेच घेतले असतील तर त्यातल्या अल्कोहोलचा अंश तोंडात राहतो आणि मशीन चुकीचा मोठा आकडा दाखवू शकते. तसे आधीच सांगा आणि १५ ते २० मिनिटांनी चाचणी घ्यायची विनंती करा. नळी नवी, पाकिटातून काढलेली असावी. फुंकण्याआधी मशीनवर शून्य दिसते का ते पाहा. एकाच दमात, आवाज येईपर्यंत संथ फुंका; तुटक फुंकले तर चाचणी बाद होते आणि पुन्हा घ्यावी लागते. निघणाऱ्या पावतीवर तारीख, वेळ आणि आकडा असतो. तो वाचूनच सही करा.

फुंकायला नकार देऊन सुटका होत नाही. कारण न देता दिलेला नकार कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येतो, आणि संशय असेल तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडावे लागते, असे कायदाच सांगतो. ग्रामीण रुग्णालयात घेतलेला रक्तनमुना नागपूर किंवा अमरावतीसारख्या ठिकाणच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. मशीनचा आकडा चुकला असे खात्रीने वाटत असेल, तर भांडण्यापेक्षा रक्ततपासणी मागणे शहाणपणाचे.

आकडा ३० च्या वर आला तर गाडी स्वतः चालवत पुढे जाता येत नाही. लायसन्स जमा केले तर त्याची पावती मागून घ्या. न प्यायलेला, लायसन्स असलेला घरचा माणूस बोलवा. कोर्टाची तारीख चुकवू नका. चुकली तर वॉरंट निघते आणि दहा हजारांचे काम वाढत जाते.

डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधले कागद मूळ कागदांइतकेच चालतात. नेटवर्क नसलेल्या रस्त्यावर मात्र ते उघडतीलच असे नाही, म्हणून पॉलिसीची छापील प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवा.

विमा नसलेली गाडी अपघातात सापडली तर ती सोडवताना पुरेशी हमी द्यावी लागते. हमी न दिल्यास लिलाव होऊ शकतो. ठाण्याच्या आवारात गंजत उभ्या असलेल्या गाड्यांत अशाही गाड्या असतात.

आमच्या दुकानात पॉलिसी काढायला येताना

आरसी, असेल ती जुनी पॉलिसी, आधार, पॅन आणि ओटीपी येणारा मोबाइल घेऊन या. १ जानेवारी २०२३ पासून केवायसीशिवाय पॉलिसी निघत नाही. दुचाकीच्या तृतीय पक्ष विम्याला मुदत संपली असली तरी गाडीची तपासणी लागत नाही. पॅकेज विम्यात खंड पडला असेल तर गाडी सोबत आणा, फोटो काढावे लागतात. आणि ९० दिवस उलटले तर जमलेला नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. सर्व्हर बंद पडतात, ओटीपी येत नाही, म्हणून मुदतीच्या आठ दिवस आधी या. प्रत हातात आली की तिच्यावरचा गाडी क्रमांक, चेसिस क्रमांकाचे शेवटचे पाच अंक आणि नावाचे स्पेलिंग आरसीशी जुळवून मगच दुकानाबाहेर पडा. चुकलेला एक अंक त्याच दिवशी लगेच दुरुस्त करता येतो. अपघातानंतर मात्र त्याच अंकावरून कंपनीशी महिनोन्महिने पत्रव्यवहार करावा लागतो.