फोन लॉक आहे म्हणजे मेसेज कुणी वाचू शकत नाही?

"फोनला पासवर्ड टाका, मग तुमचे मेसेज कुणालाच दिसणार नाहीत" हे आपण सगळ्यांनी कितीदा तरी ऐकलंय, आणि ऐकायला पटतंही. पण लॉक फक्त फोन उघडू देत नाही, आलेल्या मेसेजच्या पहिल्या एक-दोन ओळी लॉक असलेल्या स्क्रीनवर दाखवायच्या की नाही याची सेटिंग वेगळी असते, म्हणजे दाराला कुलूप आहे पण खिडकी उघडी असं होऊ शकतं. ओटीपीचा मेसेज तर बऱ्याचदा इतका छोटा की अख्खा नंबर तिथंच दिसू शकतो.

खात्री करायचीय? फोन लॉक करून टेबलावर ठेवा, घरातल्या कुणाला तरी मेसेज टाकायला सांगा, आणि फोनला हात न लावता त्यांनाच बघायला सांगा (तुम्ही बघितलंत तर फोन तुमचा चेहरा ओळखून मजकूर दाखवू शकतो). मजकूर दिसला तर आयफोनवर सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, शो प्रीव्ह्यूज, तिथं 'व्हेन अनलॉक्ड' करा. अँड्रॉइडवर नोटिफिकेशन्समध्येच लॉक स्क्रीनचा पर्याय असतो, कंपनीगणिक नाव थोडं बदलतं (हा वैताग आहेच), तिथं मजकूर लपवायचं निवडा. मेसेज यायचे थांबत नाहीत, रिंगही वाजते, फक्त मजकूर झाकला जातो.