टर्बो गाडी, चारही चाकांना जोर आणि तेलांचा हिशेब

सुबारू डब्ल्यूआरएक्स स्टँडवर चढवून खाली शिरलं, की पुढे इंजिन ऑइलचा ड्रेन प्लग दिसतो आणि त्याच्या मागे गिअरबॉक्सचा. घरी तेल बदलणाऱ्यांची सगळ्यात महागडी चूक इथेच होते. मागचा प्लग उघडला जातो, साडेतीन लिटर गिअर ऑइल भांड्यात येतं आणि मग वरून इंजिनात चार लिटर नवं तेल ओतलं जातं. आता इंजिनात दुप्पट तेल आणि गिअरबॉक्स कोरडा. जास्तीच्या तेलात क्रँकशाफ्ट घुसळण करतो, तेलाला फेस येतो आणि फेसाळलेलं तेल बेअरिंगला आधार देऊ शकत नाही. कोरड्या गिअरबॉक्सचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. यातून नाक वाचवतं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो आणि ते वापरलेल्या इंजिन ऑइलसारखं पातळ, काळं नसतं. भांड्यात दाट आणि उग्र वासाचं तेल पडू लागलं, तर तिथेच थांबायचं आणि प्लग पुन्हा बसवायचा.

हा लेख याच गाडीबद्दल आहे, कारण टर्बो पेट्रोल इंजिन आणि कायम चारही चाकांना जाणारा जोर यांचा इतका सरळ नमुना दुसरा क्वचितच सापडेल. अमेरिकेत २००२ ते २०१४ या काळातल्या डब्ल्यूआरएक्समध्ये ईजे मालिकेचं इंजिन होतं (आधी २ लिटर, २००६ पासून अडीच लिटर) आणि २०१५ ते २०२१ मध्ये एफए२० हे थेट इंधन फवारणारं इंजिन. दोन्ही आडवी, म्हणजे सिलिंडर समोरासमोर झोपवलेली. दोन्हींची देखभाल मात्र बरीच वेगळी.

टर्बो हा मुळात एक पंखा आहे. एका टोकाला धुराड्यातल्या वायूंवर फिरणारं चाक, दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं चाक आणि मध्ये बोटाएवढा दांडा. जोर लावला की हा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. त्याला आधार असतो तो फक्त तेलाच्या पातळ थराचा. इतक्या वेगात धातूला धातू लागला तर ते बेअरिंग संपलंच. वायूंचं तापमान ९०० अंश सेल्सियसच्या घरात जाऊ शकतं. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद केलं तर तेलाचा प्रवाह थांबतो, धातूतली उष्णता मात्र आत शिरतच राहते. अडकलेलं तेल भाजून त्याचा कोळसा होतो. सुबारूच्या टर्बोभोवती कूलंट फिरतं आणि इंजिन बंद झाल्यावरही ते तापून आपोआप वर चढत राहतं, त्यामुळे धोका पुष्कळ कमी होतो. तरीही शेवटचे दोन किलोमीटर हलक्या पायाने चालवणं हा फुकटातला विमा आहे.

ईजे इंजिनात टर्बोला तेल नेणाऱ्या नळीच्या बोल्टमध्ये एक छोटी जाळी असते. तिला बहुतेक मेकॅनिक बँजो फिल्टर म्हणतात. कोळशाचे कण आणि गाळ तिथे अडकतो. जाळी तुंबली की टर्बोला तेल मिळत नाही आणि डॅशबोर्डवर कोणताच दिवा लागत नाही, कारण इंजिनाचा मुख्य दाब ठीक असतो. दांडा तुटला तर त्याचे तुकडे तेलातून इंजिनात जातात, म्हणजे नुसता टर्बो बदलून भागत नाही. जुनी ईजे गाडी हातात आली तर पहिल्या तेलबदलाबरोबरच ही जाळी उघडून बघावी आणि बोल्टचे दोन्ही वॉशर नवे घालावेत.

आता तेल कोणतं. कारखान्याची शिफारस ५डब्ल्यू-३०, आणि अमेरिकेत २०११ पासून टर्बोसाठी पूर्ण सिंथेटिकच. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो. दुसरा १०० अंशांवरची जाडी सांगतो: ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, ४० म्हणजे १२.५ ते १६.३. पण टर्बो इंजिनासाठी याहून महत्त्वाचा आकडा डब्याच्या पुढच्या बाजूला छापलेला नसतो. तो म्हणजे १५० अंशांवर आणि जबर घर्षणाखाली तेल किती जाड राहतं याचा. साध्या इंधन-बचतीच्या ५डब्ल्यू-३० मध्ये हा आकडा किमान २.९ असतो, तर युरोपातल्या एसीईए ए३/बी४ किंवा सी३ दर्जाच्या तेलांत किमान ३.५. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला पहिलं पुरतं. ट्रॅकवर पळवली जाणारी किंवा भर उन्हाळ्यात डोंगर चढणारी ईजे असेल, तर दुसऱ्या दर्जाचं तेल घालणं शहाणपणाचं.

ईजेमध्ये सुमारे ४ ते ४.२ लिटर तेल मावतं, एफए२० मध्ये ५.१ लिटर. बदलाचा काळ २.५ लिटर टर्बो ईजेसाठी ३,७५० मैल, म्हणजे सुमारे ६,००० किलोमीटर. एफए२० साठी ६,००० मैल, म्हणजे सुमारे ९,६०० किलोमीटर, किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. हे 'जे आधी येईल ते' लोक नेमकं विसरतात. न्यू जर्सीच्या जानेवारीत रोज तीन किलोमीटर स्टेशनपर्यंत जाणारी गाडी सहा महिन्यांत हजार किलोमीटरही चालत नाही, आणि तिचंच तेल सर्वांत आधी खराब होतं. थंड इंजिनात जास्तीचं पेट्रोल फवारलं जातं. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. ज्वलनातून तयार झालेलं पाणीही तिथेच जमतं. तेल पुरेसं तापून बराच वेळ तसंच राहिलं तरच हे दोन्ही उडून जातं. तीन किलोमीटरांत ते होत नाही. थेट फवारणीच्या एफए२० मध्ये हा त्रास आणखी जास्त. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि तेलाला पेट्रोलचा वास आला तर आनंद मानू नका, तेल बदला.

थेट फवारणीच्या टर्बो इंजिनांना आणखी एक आजार असतो. कमी फेऱ्यांवर एकदम जोर लावला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेट घेतं आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा आघात होतो. तेलाचे थेंब याला कारण ठरतात, आणि तेलातले कॅल्शियमचे डिटर्जंट तो वाढवतात. म्हणून काही कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम वापरणारी तेलं आली. २०१८ चा एपीआय एसएन प्लस आणि २०२० चा एसपी हे दर्जे याच चाचणीसह आले. एफए२० साठी डब्यावर एसपी असल्याची खात्री करा. आणि सहाव्या गिअरमध्ये १,५०० फेऱ्यांवर पाय दाबून गाडी ओढू नका, एक-दोन गिअर खाली या.

पेट्रोलचंही इथेच सांगतो, कारण भारतातून अमेरिकेत गेलेले लोक या आकड्यांत हमखास फसतात. भारतातल्या साध्या पेट्रोलचा वर्षानुवर्षं चालत आलेला ९१ हा ऑक्टेनचा आकडा आरओएन या मोजणीच्या पद्धतीचा. अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा दोन पद्धतींची सरासरी असते, त्यामुळे तिथलं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१, आणि तिथलं ९१ म्हणजे साधारण आपलं ९५. डब्ल्यूआरएक्सला तिथलं ९१ हवं. कमी ऑक्टेनवर अडीच लिटर ईजेच्या पिस्टनमधला रिंगांच्या मधला पातळ कठडा तडकतो. त्यानंतर कॉम्प्रेशन जातं आणि इंजिन उघडावं लागतं.

डिपस्टिक दर दुसऱ्या पेट्रोल भरण्याला पाहावी. गाडी सपाटीवर, इंजिन थंड. आडव्या इंजिनात तेल खाली उतरायला वेळ लागतो, गरम असताना आकडा फसवतो. खालच्या आणि वरच्या खुणेत सुमारे एक लिटर तेल असतं. चार लिटरांतलं एक गेलं, म्हणजे पाव तेल गेलं. अशा वेळी जोरदार वळणावर पंप हवा ओढतो, आणि ईजेचे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग बहुधा असेच जातात. ड्रेन प्लगचा चपटणारा वॉशर दर वेळी नवा घालावा. ईजेत प्लगचा आवळ ४४ न्यूटन-मीटर.

आता त्या गंधकाच्या वासाकडे वळू. मॅन्युअल डब्ल्यूआरएक्समध्ये गिअरबॉक्स आणि पुढचा डिफरन्शियल (वळणावर दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा दात्यांचा संच) एकाच खोक्यात, एकाच तेलात असतात. डिफरन्शियलचे दाते हायपॉइड असतात, म्हणजे ते एकमेकांवर फक्त दाबत नाहीत, आडवे घासतही जातात. तिथे तेलाचा थर फाटतो. म्हणून जीएल-५ या जास्त दाब सोसणाऱ्या दर्जाच्या गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. दाब आणि उष्णता वाढली की ती पोलादाशी रासायनिक क्रिया करून पृष्ठभागावर एक मऊ थर बनवतात. धातूऐवजी तो थर झिजतो आणि पुन्हा बनतो. अडचण अशी की हीच संयुगं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना खातात, आणि फार निसरडं तेल असलं तर रिंगांना गिअरचा वेग जुळवायला लागणारी पकड मिळत नाही. दोन गरजा एकमेकींविरुद्ध आहेत. सुबारू ७५डब्ल्यू-९० जीएल-५ सांगते, कारण हायपॉइड दात्यांची गरज टाळता येत नाही. 'गिअर कडक पडतात' म्हणून नुसतं त्याहून सौम्य जीएल-४ भरणं म्हणजे डिफरन्शियल पणाला लावणं. पितळाला त्रास न देणारं, सिंक्रोसाठी योग्य असं लिहिलेलं जीएल-५ घ्या.

पाच गिअरच्या खोक्यात सुमारे ३.५ लिटर जातं, एसटीआयच्या (याच गाडीच्या जास्त ताकदीच्या आवृत्तीच्या) सहा गिअरच्या खोक्यात ४.१ लिटर. पाच गिअरचं तेल डिपस्टिकच्या नळीतूनच भरतात. लांब नळीचं नरसाळं लागतं, आणि तेल दाट असल्याने धीरही. मागच्या डिफरन्शियलमध्ये सुमारे ०.८ लिटर, एसटीआयमध्ये एक लिटर. तिथे एक नियम पाळाच: आधी वरचा, भरायचा प्लग सुटतो का ते पाहा, मगच खालचा उघडा. वरचा गंजून अडकला आणि खालून तेल काढून टाकलं असेल तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप असणं स्वाभाविक आहे. नखाएवढे चकचकीत तुकडे असतील तर दाता तुटला आहे. ४८,००० किलोमीटरला ही दोन्ही तेलं बदलावीत. खर्च इंजिन ऑइलच्या दोन बदलांएवढाही येत नाही.

चारही चाकांना जोर जाणाऱ्या गाडीत एका गोष्टीला तेलाइतकंच महत्त्व आहे, ती म्हणजे टायर. मॅन्युअल डब्ल्यूआरएक्सच्या मधल्या डिफरन्शियलमध्ये व्हिस्कस कपलिंग असतं: सिलिकॉनच्या दाट द्रवात बुडवलेल्या, आळीपाळीने पुढच्या आणि मागच्या दांड्याला जोडलेल्या चकत्या. दोन्ही दांड्यांच्या वेगात फरक पडला की द्रव घुसळला जातो, तापतो आणि चकत्यांना एकत्र ओढतो. हा फरक चिखलात क्षणभर पडावा अशी योजना आहे. पण एक टायर नवा आणि तीन झिजलेले असतील तर तो हमरस्त्यावर तासन् तास पडत राहतो. सुबारूची मर्यादा चारही टायरांच्या परिघात पाव इंच, म्हणजे ६.४ मिलिमीटर. हिशेब करून बघा: नक्षी एक मिलिमीटर झिजली की त्रिज्या एक मिलिमीटरने कमी होते, आणि परीघ २π पटीने, म्हणजे ६.३ मिलिमीटरने. एका मिलिमीटरच्या फरकातच मर्यादा संपते! म्हणून एक टायर फाटला तर चारही बदला, किंवा नवा टायर तासून बाकीच्यांएवढा करून देणारं दुकान शोधा. कपलिंग बंदिस्त असतं, त्याचं तेल बदलता येत नाही. पार्किंगमध्ये पूर्ण वळवताना गाडी अडखळू लागली, तर ते गेलं असं समजावं.

छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जोडल्या जाणाऱ्या श्कोडा कोडियाक आणि पूर्वी तिथेच जोडल्या गेलेल्या फोक्सवॅगन टिग्वान या पेट्रोल टर्बो गाड्यांत जोर वेगळ्या रीतीने वाटला जातो. तिथे मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी, गरजेप्रमाणे मागच्या चाकांना जोर जोडणारा हॅल्डेक्स क्लच असतो आणि त्याचं स्वतःचं, लिटरभराहून कमी तेल असतं. पाचव्या पिढीच्या हॅल्डेक्समध्ये बदलायचा फिल्टर नाही, पंपाच्या तोंडाशी फक्त बारीक जाळी आहे. क्लचच्या चकत्यांचा चुरा तिथे साचतो, पंपावर ताण येतो आणि शेवटी तो जळतो. नुसतं तेल काढून भरलं तर चुरा तिथेच राहतो. दर तीन वर्षांनी तेल बदलताना पंप काढून जाळी धुवायला सांगा, आणि काढलेली जाळी डोळ्यांनी पाहा.

कूलंटबाबत एकच आग्रह: नळाचं पाणी नको. सुबारूच्या निळ्या कूलंटमध्ये ॲल्युमिनियमच्या रक्षणासाठी फॉस्फेट असतं, आणि कठीण पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन रेडिएटरच्या बारीक नळ्यांत खडू जमतो. तयार मिश्रण घ्या. ते पहिल्यांदा ११ वर्षं किंवा २,२०,००० किलोमीटर चालतं, नंतर दर सहा वर्षांनी बदलावं लागतं. ईजे टर्बो मॉडेलला दोन झाकणं असतात, एक रेडिएटरवर आणि एक वरच्या टाकीवर. ती दिसायला सारखी असली तरी अदलाबदल करू नयेत, दाब सोडण्याचं काम वरच्याचं आहे.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ३.७ टक्के पाणी शिरलं की १४० ला. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. उकळलं की वाफ तयार होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकतं. गाडी उभी असली तरी पाणी शिरतच असतं, म्हणून ३० महिन्यांनी बदल. डॉट ५ हे सिलिकॉनचं, वेगळ्या जातीचं तेल आहे. ते यात घालू नये.

स्पार्क प्लग ९६,००० किलोमीटरला, थंड इंजिनावर. एफए२० मध्ये पेट्रोल वाल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे इनटेक वाल्व्हवर काजळी साचते. इंजिन खडबडू लागलं की अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या झोताने मारून ती साफ करतात.

एफए२० मध्ये टायमिंगची साखळी आहे, ईजेमध्ये पट्टा. तो १,०५,००० मैल, म्हणजे सुमारे १,६९,००० किलोमीटर, किंवा १०५ महिन्यांनी बदलायचा. पट्टा तुटला तर वाल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना धडकतात, म्हणून पट्ट्याबरोबर टेन्शनर, फिरत्या पुली आणि वॉटर पंपही बदलावा. यातली एक पुली अडकली तरी नवा पट्टा जातो. फक्त ६०,००० किलोमीटर चाललेली २०१२ ची डब्ल्यूआरएक्स विकत घेताना विक्रेता आकडा दाखवेल. त्याला पट्टा कोणत्या तारखेला बदलला ते विचारा. १०५ महिने म्हणजे पावणेनऊ वर्षं, आणि ती केव्हाच होऊन गेली आहेत.