डीएसएलआर की मिररलेस: अकरावीतल्या मुलाचा पहिला कॅमेरा

भाच्याला दहावीत चांगले मार्क पडले तर कॅमेरा घ्यायचा, असा शब्द दाजींनी दिला होता. मार्क पडले आणि जूनमध्ये आम्ही तिघं कोल्हापुरातल्या एका दुकानात जाऊन उभे राहिलो. बजेट चाळीस हजार. दुकानदाराने काउंटरवर दोन काळे कॅमेरे ठेवले. दोन्हींना पुढे लेन्स, उजव्या हाताला पकड, डोक्यावर उंचवटा, मागे स्क्रीन. दाजी म्हणाले, "दोन्ही डीएसएलआरच की." दुकानदारानेही मान डोलावली. पण त्यातला डीएसएलआर एकच होता.

मोठा कॅमेरा दिसला की त्याला डीएसएलआर म्हणायची आपल्याला सवय झाली आहे. लग्नातला फोटोग्राफर आज बहुतेक वेळा मिररलेस घेऊन येतो, तरी पाहुणे म्हणतात, "डीएसएलआरवर काढ रे एक." बोलण्यात हा गोंधळ चालून जातो. पैसे मोजताना मात्र तो महागात पडतो, कारण या दोन जातींच्या लेन्स वेगळ्या, बॅटरीचा हिशोब वेगळा आणि मुलगा त्यावर फोटो काढायला शिकतो तोही वेगळ्या रीतीने.

ओळखायचं कसं? दुकानदाराला लेन्स काढून आत दाखवायला सांगा. आत तिरका बसवलेला छोटा आरसा दिसला तर तो डीएसएलआर. आरसा नाही आणि सरळ सेन्सरची (उजेड टिपणाऱ्या चिपची) इंद्रधनुषी झाक असलेली काच दिसली (काही मॉडेलांत तिच्यापुढे शटरचा पडदा असतो), तर तो मिररलेस. बाहेरच्या आकारावरून ठरवू नका. डीएसएलआरच्या डोक्यावरच्या उंचवट्यात आरशावरून आलेलं चित्र सुलटं करणारा प्रिझम किंवा आरशांची रचना असते. मिररलेसच्या उंचवट्यात इवलासा इलेक्ट्रॉनिक पडदा असतो. दिसायला दोन्ही सारखेच.

डीएसएलआरमधला डी म्हणजे डिजिटल, एसएलआर म्हणजे सिंगल लेन्स रिफ्लेक्स, आणि यातलं रिफ्लेक्स म्हणजे परावर्तन. फिल्मच्या काळात फिल्मवर काय उमटणार आहे ते बटण दाबायच्या क्षणापर्यंत लेन्समधूनच बघत राहणं सोपं नव्हतं. मग लेन्समधून आलेला उजेड आरशाने वर वळवून डोळ्यापर्यंत न्यायचा, आणि बटण दाबलं की आरसा खटकन वर उचलून तोच उजेड फिल्मवर पडू द्यायचा, अशी युक्ती निघाली. निकॉनचा एफ हा कॅमेरा १९५९ साली आला आणि ही रचना जगभर रुजली. फिल्मच्या जागी सेन्सर आला तरी आरसा राहिला. पण सेन्सरवर पडणारं चित्र सतत वाचून पडद्यावर दाखवता येतं, मग आरसा कशाला? या प्रश्नातून २००८ साली पॅनासॉनिकचा ल्युमिक्स जी१ बाजारात आला. त्याची लेन्स बदलता यायची, डोळा लावून बघायची जागा म्हणजे व्ह्यूफाइंडर इलेक्ट्रॉनिक होता आणि आत आरसा नव्हता.

आरसा असण्या-नसण्याने फोटोच्या प्रतीत फरक पडतो का? नाही. एकाच आकाराचा सेन्सर आणि त्याच तोडीची लेन्स असेल, तर दोन्हींचे प्रिंट शेजारी ठेवून कुठला कशाचा हे मला सांगता येणार नाही. नवशिक्यांसाठीच्या बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांत एपीएस-सी आकाराचाच (३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) सेन्सर असतो, वीस ते चोवीस मेगापिक्सेलचा. "मिररलेसचे फोटो जास्त क्लिअर येतात" असं कुणी काउंटरवर सांगितलं तर ते मनावर घेऊ नका.

फरक पडतो तो बटण दाबायच्या आधी डोळ्याला काय दिसतं यात, आणि शिकणाऱ्या मुलासाठी मला हाच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो.

खरेदी करण्याआधी मी भाच्याला दोन दिवस दोन कॅमेरे वापरायला दिले: माझा मिररलेस आणि एका मित्राचा जुना डीएसएलआर. त्यांच्या पेठेत एक तालीम आहे. भाचा स्वतः कुस्ती खेळत नाही, पण त्याला पैलवानांचे फोटो काढायचे असतात. आत लाल मातीचा हौदा, एका बाजूला उंचावर खिडकी आणि वर एकच ट्यूबलाइट. एक पैलवान सराव संपवून हौद्याच्या कडेला बसला होता, खिडकीकडे पाठ करून. भाच्याने डीएसएलआरला डोळा लावला. त्याला पैलवानाचा चेहरा, कपाळावरची माती, सगळं स्वच्छ दिसत होतं, कारण व्ह्यूफाइंडरमध्ये खरा उजेड येतो आणि आपला डोळा अंधार-उजेड सांभाळून घेतो. बटण दाबलं. मागच्या स्क्रीनवर खिडकी झकास आणि चेहरा काळाठिक्कर. तो गोंधळून म्हणाला, "मामा, मला तर नीट दिसत होतं."

मग मिररलेस दिला. डोळा लावताक्षणी त्याला चेहरा काळाच दिसला, कारण तिथे दिसतो तो होऊ घातलेला फोटो. अंगठ्याखालची चकती त्याने उजेड वाढायच्या बाजूला फिरवली. एक तृतीयांश, दोन तृतीयांश, एक. चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला, गालावरची माती दिसू लागली आणि मागची खिडकी पांढरी होत विरून गेली. थोडं मागे, थोडं पुढे करत त्याला हवं तिथे तो थांबला आणि मग बटण दाबलं. एक्स्पोजर म्हणजे काय ते मी तोंडाने वर्षभर सांगत होतो. त्या एका मिनिटात ते त्याच्या हातात आलं.

काही जुने फोटोग्राफर म्हणतात की डीएसएलआरवर चुका करतच मुलगा पक्का होतो. यात तथ्य आहे: पन्नासेक फोटो फसले की "मागे खिडकी आहे, वाढवायला लागेल" हे डोळ्यात बसतं. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला पहिल्याच महिन्यात पन्नास काळे चेहरे मिळाले, तर तो कॅमेरा कपाटात जाण्याची भीती मला जास्त वाटते.

फोकसचंही तसंच. डीएसएलआरमध्ये मुख्य आरशामागे एक छोटा आरसा असतो, तो थोडा उजेड खाली बसवलेल्या फोकसच्या वेगळ्या सेन्सरकडे पाठवतो. त्यामुळे फोकसचे बिंदू मोजकेच आणि बरेचसे मधोमध असतात. कॅननच्या १५००डीमध्ये नऊ, निकॉनच्या डी३५००मध्ये अकरा. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच होतो, म्हणून बिंदू जवळजवळ सगळ्या चौकटीत पसरलेले असतात, आणि नव्या मॉडेलांत कॅमेरा माणसाचा डोळा ओळखून त्यालाच धरून ठेवतो. इकडेतिकडे पळणाऱ्या लहान भावंडांचे फोटो काढताना हे फार उपयोगी पडतं. डीएसएलआरच्या मागच्या स्क्रीनकडे बघून फोटो काढला तर आरसा वर उचललेला राहतो आणि बऱ्याच स्वस्त मॉडेलांत फोकस रेंगाळतो. कॅननचा २००डी याला अपवाद. त्याच्या सेन्सरवरच चांगली फोकस यंत्रणा आहे, म्हणून जुना डीएसएलआर घेताना तो मिळाला तर मी १५००डीच्या आधी तोच उचलेन.

मग मिररलेसच का नाही घ्यायचा?

पहिलं कारण बॅटरी. मिररलेसचा सेन्सर आणि पडदा सतत जागे असतात. निकॉन डी३५००चा ठरावीक चाचणीतला आकडा एका चार्जिंगला १५५० फोटोंचा आहे, तर त्याच कंपनीच्या झेड५० या मिररलेसचा तीनशेच्या आसपास. प्रत्यक्षात दोन्ही यापेक्षा जास्त चालतात, पण प्रमाण साधारण असंच राहतं. आळंदीहून वारीबरोबर दोन मुक्काम चालत जायचं असेल, तर मिररलेसवाल्याच्या पिशवीत दोन जादा बॅटऱ्या हव्यातच, आणि तो खर्च किमतीत धरावा लागतो.

दुसरं कारण पैसे, आणि त्याची खरी गाठ लेन्सशी आहे. तालमीतला तो उजेड आठवा. बॉडीबरोबर मिळणारी १८-५५ची किट लेन्स ५५वर नेली की तिचं अ‍ॅपर्चर (उजेड आत येतो ते छिद्र, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) जुन्या डीएसएलआरच्या किटमध्ये एफ/५.६ होतं, नव्या मिररलेसच्या किटमध्ये बहुधा त्याहूनही अरुंद. एफ/१.८ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स एफ/५.६च्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे किट लेन्सवर एक पंधरांश सेकंदाला हललेला येणारा पैलवान प्राइमवर दीडशेव्या भागाला बऱ्यापैकी थांबलेला येतो. बॉडी कितीही नवी असू दे, दहापट उजेड ती आणून देत नाही.

म्हणून माझं मत असं. नवा मिररलेस आणि त्याच्यासोबत एक स्वस्त प्राइम, एवढं बजेटमध्ये बसत असेल तर डोळे मिटून मिररलेस घ्या. पण सगळे पैसे मिररलेसच्या बॉडीवर आणि किट लेन्सवरच संपणार असतील, तर चांगल्या स्थितीतला जुना डीएसएलआर आणि एक प्राइम घ्या. व्ह्यूफाइंडर नसलेला मिररलेस मात्र या वयात नको. निकॉन झेड३० किंवा सोनी झेडव्ही-ई१० हे व्हिडिओ डोळ्यापुढे ठेवून बनवलेले कॅमेरे आहेत, त्यांना डोळा लावायची जागाच नाही. एप्रिलच्या दुपारी जत्रेत स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसत राहतो.

आता माउंट, म्हणजे बॉडीवरची लेन्स बसवायची बैठक. बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, लेन्स राहतात. म्हणून आपण कॅमेरा घेतो तेव्हा खरं तर लेन्सच्या एका घराण्यात शिरतो. डीएसएलआरमध्ये आरशाला हलायला जागा लागते, म्हणून लेन्सची बैठक आणि सेन्सर यांत अंतर जास्त असतं. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये ४६.५ मिलिमीटर, झेड मिररलेसमध्ये फक्त १६. त्यामुळे डीएसएलआरची लेन्स मधे अ‍ॅडॅप्टर घालून त्याच कंपनीच्या मिररलेसवर लावता येते. उलट करता येत नाही. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स आरएफ माउंटच्या मिररलेस कॅमेऱ्यांवर अ‍ॅडॅप्टरने व्यवस्थित ऑटोफोकस करतात. म्हणजे आज घेतलेली प्राइम पुढे वाया जात नाही.

इथे दोन खड्डे आहेत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाच्या वडिलांनी निकॉनच्या डी५३००साठी जुनी ५० मिलिमीटरची एएफ-डी लेन्स घेतली. स्वस्तात मिळाली आणि दुकानदार म्हणाला, "निकॉनला निकॉन बसतंच." बसली, पण ऑटोफोकस होईना. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते, आणि एएफ-डी लेन्समध्ये ती नसते. नावात एएफ-एस लिहिलेलं बघून घ्या. त्या मुलाने बिचाऱ्याने महिनाभर हाताने फोकस केला, कॅमेराच बिघडलाय असं समजून. लेन्स परत घ्यायला दुकानदाराने नकार दिला.

दुसरा खड्डा कॅननचा एम५०. जुन्या बाजारात तो भरपूर मिळतो, कॅमेराही गुणी आहे. पण त्याचा ईएफ-एम माउंट कंपनीने बंद केला आहे आणि त्या लेन्स आरएफ कॅमेऱ्यावर अ‍ॅडॅप्टर घालूनही चालत नाहीत. मुलाने पुढे लेन्स जमवायच्या असतील तर हे घराणं तिथेच संपतं.

भाच्याने शेवटी जुना निकॉन डी५६०० घेतला, सोबत एएफ-एस डीएक्स ३५ मिलिमीटर एफ/१.८. कॅननची ५० मिलिमीटरची प्राइम स्वस्त आणि प्रसिद्ध आहे, पण एपीएस-सी सेन्सरवर ती ८० मिलिमीटरसारखी वागते, म्हणजे दृश्य अरुंद दिसतं, आणि आपल्याकडच्या दहा बाय दहाच्या खोलीत आजीचा फोटो काढताना पाठ भिंतीला टेकते. ३५ची लेन्स माणसाच्या नजरेच्या जवळची. चाळीस हजारांतून थोडे उरलेही. मिररलेससारखा आधी फोटो त्याला दिसणार नाही, म्हणून त्याला एक सवय लावली आहे: जागा बदलली की आधी एक फोटो, हिस्टोग्राम (फोटोतल्या अंधार-उजेडाचा आलेख) बघायचा, मग पुढचे.

जुनं घेताना काउंटरवर दहा मिनिटं तरी द्या. निकॉनवर सरळ कॅमेऱ्यातून काढलेल्या जेपीजी फाइलमध्ये शटर किती वेळा चाललं तो आकडा नोंदलेला असतो, तो फाइल तपासणाऱ्या साइटवर वाचता येतो. अ‍ॅपर्चर एफ/१६ करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसते. आणि लेन्स काढून मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा. कोकणात, मुंबईत, पावसाळी कोल्हापुरातही लेन्समध्ये बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. ते दिसले तर किंमत कितीही खाली आली तरी ती लेन्स घेऊ नका. घरी आल्यावर कॅमेरा कापडी बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. भाच्याच्या डब्यात काटा पंचेचाळीस टक्क्यांवर असतो. जुलैत तो साठच्या वर गेला तेव्हा ताईने पुड्या बदलायची आठवण केली, त्याने आधीच बदलल्या होत्या.