घर फ्लड झोनमधून काढायचंय? आधी डेकचा खांब बघा

न्यू जर्सीत घर घेतलेल्या आपल्या लोकांकडून 'घर फ्लड झोनमधून कसं काढायचं' हा प्रश्न सारखा येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. क्लोजिंगच्या (घरखरेदी पक्की होण्याच्या) आधी किंवा रिफायनान्स करताना बँक कळवते की तुमचं घर फेमाच्या (अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन खात्याच्या) नकाशात ए नाहीतर एई, म्हणजे पुराचा जास्त धोका असलेल्या झोनमध्ये येतंय, फ्लड इन्शुरन्स घ्या. मग आपण म्हणतो, अहो पण रॅरिटन नदीचं पाणी आमच्या गल्लीत कधी शिरलंच नाही! खरं असेल, पण त्याचा इथे उपयोग शून्य. सप्टेंबर 2021 ला इडा वादळात बेसमेंट कसं कोरडं राहिलं याचे फोटो जोडणारे लोक पाहिलेत मी. फेमा बघते फक्त दोन आकडे.

पहिला बेस फ्लड इलेव्हेशन. ज्या पुराची शक्यता दर वर्षी 1 टक्का आहे, त्याचं पाणी कुठवर चढेल ती पातळी (आपल्याकडची शंभर वर्षांच्या पुराची लाल रेषा असते ना, त्यातलाच प्रकार). दुसरा म्हणजे घराला टेकलेल्या जमिनीची सगळ्यात खालची जागा. ही जागा पूरपातळीएवढी किंवा वर असेल तर लोमा, म्हणजे लेटर ऑफ मॅप अमेंडमेंट (घर झोनच्या बाहेर आहे असं फेमाचं पत्र) मिळतं, नाहीतर नाही. घराचं जोतं किती उंच आहे, पहिला मजला कुठे आहे, हे इथे विचारतच नाहीत.

आणि गाडी अडते ती इथेच, कारण घराला जोडलेला डेक आणि गॅरेजही घरातच धरतात. ओळखीतल्या एका काकांचं उदाहरण सांगतो. पूरपातळी 47.0 फूट, घराचे चारही कोपरे 47.9 च्या वर, काका खुश. सर्व्हेअर मागे गेला, डेकचा शेवटचा खांब उतारावर, तिथे पट्टी धरली तर 46.8. गेलं! अडीच इंचाने. वॉकआउट बेसमेंटवाल्यांचंही असंच होतं, मागच्या दाराबाहेरची जमीन खाली असते. साधं बेसमेंट मात्र पूरपातळीच्या खाली असलं तरी लोमाला चालतं, उगाच घाबरू नका.

काकांनी मग काय केलं, दोन ट्रक माती आणून टाकली. हे करू नका हो! जमीन मुळातच उंच असेल तरच लोमा मिळतं, नकाशात झोन पडल्यावर टाकलेला भराव त्यात धरत नाहीत आणि फॉर्ममध्ये सरळ विचारलेलं असतं की भराव टाकलाय का. भराव असेल तर प्रकरण लोमर-एफमध्ये (भराव टाकलेल्या जागेसाठीचा वेगळा अर्ज) जातं, तिथे फी आहे, वर टाउनशिपची सही लागते, आणि ती सही मिळवणं म्हणजे चार चकरा आल्याच.

सर्व्हेअरला पैसे देण्याआधी फेमाच्या मॅप सर्व्हिस सेंटरवरून आपल्या घराचा नकाशा फुकट उतरवून घ्या. झोन फक्त बॅकयार्डच्या कोपऱ्याला लागत असेल आणि घर स्पष्ट बाहेर दिसत असेल तर उंची मोजायची गरजच नाही, 'आउट ॲज शोन' म्हणून अर्ज करता येतो.

एका घरासाठी फॉर्म एमटी-ईझेड, ऑनलाइन भरता येतो, लोमाला फेमाची फी नाही, वकील लागत नाही. खर्च काय तो लायसन्सवाल्या सर्व्हेअरचा.

कागदांत सगळ्यात जास्त परत येतो तो डीड, म्हणजे घराचं खरेदीखत. क्लोजिंगच्या फायलीतली कॉपी चालत नाही, काउंटी क्लर्ककडे नोंदवलेली, बुक आणि पान नंबर असलेली हवी, आणि त्याच्या जोडीला रस्त्यांची नावं दिसणारा टॅक्स मॅप. किंवा नोंदवलेला प्लॅट मॅप (प्लॉटांच्या आखणीचा नकाशा) असेल तर तेवढाच पुरतो. दुसरी गोची डेटमची, म्हणजे उंची कुठल्या शून्यापासून मोजली त्याची. जुने सर्व्हे एनजीव्हीडी 29 वर असतात, नवे नकाशे एनएव्हीडी 88 वर, आपल्या भागात दोन्हींत फूटभराच्या आसपास फरक पडतो, म्हणजे काकांसारख्या केसमध्ये सगळा निकालच फिरेल. सर्व्हेअरला आधीच विचारून घ्या.

आता तारखा. फेमा निर्णयाला 60 दिवस म्हणते ते तुम्ही अर्ज टाकल्यापासून नाही, सगळे कागद पूर्ण पोचल्यापासून. काही कमी असेल तर पत्र येतं आणि 90 दिवस मिळतात, ते पत्रावरच्या तारखेपासून मोजायचे, तुम्ही सुट्टीवरून येऊन टपाल उघडलंत त्या दिवसापासून नाही. आणि पॉलिसी घ्यायला बँकेने नोटिशीत दिलेले 45 दिवस वेगळेच चालू असतात, ती फेमासाठी थांबत नाही, मुदत संपली की स्वतःच महागडी पॉलिसी तुमच्या माथी मारते. म्हणून आधी पॉलिसी घ्या. चालू वर्षात क्लेम केला नसेल तर लोमा आल्यावर त्या वर्षाचा प्रीमियम परत मागता येतो, पण त्यासाठी बँकेचं 'आता गरज नाही' असं लेखी लागतं, आणि बँकेला वाटलं तर लोमा असूनही ती नाही म्हणू शकते. कायद्यानेच तेवढी मुभा दिलीय, भांडून उपयोग नाही.

लोमाच्या पत्रात 'प्लॉटचा काही भाग अजून झोनमध्ये आहे' असं वाक्य दिसलं की लोक घाबरून फोन करतात. घर बाहेर निघालं असेल तर बँकेला तेवढंच हवं असतं. पत्र डीडबरोबर ठेवा, घर विकताना कामाला येतं, आणि टाउनचा नवा नकाशा निघाला की आपलं लोमा पुढे चालू ठेवलंय की रद्द झालंय हे टाउनशिपमध्ये फ्लडप्लेनचं (पूरक्षेत्राचं) काम बघणाऱ्या माणसाला फोन करून विचारा.